कुवेतचा एजंट की लंडनला निघालेले मालक: परदेशी घरकामाचा व्हिसा नेमका कसा पारखायचा?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकावा लागला, घरात कर्ज आहे. बहीण सत्तावीस वर्षांची, आठवी पास. चार वर्षं ती पर्वरीला एका वयस्क जोडप्याच्या घरी राहून स्वयंपाक आणि घरकाम करते. तिच्यासमोर दोन वाटा आल्या आहेत. मडगावचा एक एजंट म्हणतो, दीड लाख द्या, कुवेतला एका घरात महिना एकशे वीस दिनारांवर लावतो, आधी व्हिजिट व्हिसावर दुबईला जाऊ दे, पुढचं मी बघतो. दुसरीकडे तिचे मालक चार-पाच महिन्यांसाठी लंडनला मुलीकडे चालले आहेत आणि तिला बरोबर नेऊ म्हणतात. यातलं कुठलं बरं, असं तुम्ही विचारलंत.

पूर्वी मी एका परवानाधारक भरती कार्यालयात कागदपत्रं तपासायचे. आता परत आलेल्या बायकांचे अर्ज-तक्रारी लिहून देते. या दोन्ही कामांतून मला एक गोष्ट पटली आहे. कुवेत चांगलं की लंडन, हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते असं, की तिचा व्हिसा, तिचं खरं काम आणि तिचं भारतातून निघणं हे तिन्ही कागदावर एकमेकांशी जुळतात का. जुळत असतील तर तिथं मालक वाईट निघाला तरी तिला दाद मागायला जागा असते. जुळत नसतील तर चांगल्या मालकाच्या घरीसुद्धा ती अधांतरीच राहते.

आधी कुवेत, कारण तिथं घाई चालली आहे असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

बहीण दहावी पास नाही, म्हणजे तिच्या पासपोर्टमध्ये 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं छापलेलं असणार. यालाच सगळे ईसीआर म्हणतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे असा पासपोर्ट असलेल्या माणसाला ठरावीक अठरा देशांत नोकरीला जायचं तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कुवेत, सौदी, ओमान, कतार, बहारीन, अमिराती हे सगळे त्या यादीत आहेत. बाईमाणसाला आणखी एक अट आहे. ईसीआर पासपोर्टवर या देशांत कामाला जायचं तर वय किमान तीस हवं. त्यातही २०१६ पासून अशा बायकांची भरती खासगी एजंटांकडून काढून सरकारी संस्थांकडे दिली आहे. केरळची नोर्का रूट्स, तामिळनाडूची ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन या त्यांतल्या. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी, ईसीआर पासपोर्टवर, मडगावच्या खासगी एजंटाकडून कुवेतला घरकामाला कायदेशीरपणे जाणं आज शक्यच नाही. एजंट ओळखीचा असो, नात्यातला असो, फरक पडत नाही.

मग तो इतक्या खात्रीनं कसा बोलतो? कारण कुवेतच्या बाजूनं तिला अडचण नाही. कुवेतच्या कायद्यात घरकामगाराचं वय २१ ते ६० चालतं. त्यामुळे त्यानं दाखवलेला कुवेतचा व्हिसा अगदी खराही असू शकतो, आणि नेमकं इथंच घरचे फसतात. व्हिसा कुणीतरी वाचून खरा आहे असं सांगितलं की सगळे निर्धास्त होतात. पण तो व्हिसा भारतीय विमानतळावर दाखवला तर मंजुरी कुठं आहे असं विचारतील आणि परत पाठवतील. म्हणून तिच्या हातात दुबईचा व्हिजिट व्हिसा दिला जातो. मावशीकडे चालले, फिरायला चालले, असं सांगायला शिकवलं जातं. कामाचा कागद दुबईत किंवा थेट कुवेतला उतरल्यावर मिळतो. काहीजणींना तोही मिळत नाही.

त्या एका खोट्या उत्तरानं तिचं किती नुकसान होतं ते समजून घ्या. कामासाठी गेली अशी नोंद सरकारच्या ई-मायग्रेट प्रणालीत राहत नाही. मालकाचं नाव, पत्ता, पगार लिहिलेला करार कुठंही जमा होत नाही. ईसीआरवर कामाला जाणाऱ्यांना सक्तीचा असलेला प्रवासी भारतीय विमा निघत नाही. दहा लाखांचं संरक्षण आणि दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये, तोही हातचा जातो. पुढे काही झालंच तर कुवेतमधला भारतीय दूतावास मदत करतो. ती कशी गेली हे विचारून तो कुणाला दारातून परत पाठवत नाही. पण ती कुठल्या घरात आहे, मालक कोण, हे शोधण्यातच दिवस जातात, आणि कोंडून ठेवलेल्या बाईसाठी तेच दिवस सगळ्यांत वाईट असतात. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच तक्रारींत घरच्यांना मालकाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मोबाइलवर आलेला एक फोटो आणि एजंटाचा बंद पडलेला नंबर, एवढंच हातात.

आता पैशांचं. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. दीड लाख मागणारा माणूस तिथंच कायद्याबाहेर गेला. बहुतेक वेळा तो एजंटही नसतो, सब-एजंट असतो, आणि कायद्यात सब-एजंटाला स्थान नाही. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे, परवाना चालू आहे की निलंबित तेही दिसतं. त्याला परवाना क्रमांक विचारा. माझ्या अनुभवात खरा परवानाधारक तो लगेच सांगतो आणि ज्याच्याकडे नाही तो चिडतो. शिवाय हिशेबही करून बघा. कुवेतमध्ये घरकामगाराचं किमान वेतन महिना साठ दिनार आहे, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये. दीड लाख फेडायलाच नऊ महिन्यांचा पगार जाईल. एजंटानं सांगितलेले एकशे वीस दिनार कुठल्या कागदावर लिहिलेत ते त्याला दाखवायला सांगा.

कुवेतबद्दल मी वाईट बोलते असं कृपा करून समजू नका. साष्टीत आणि बार्देशात कितीतरी घरं कुवेतच्या पगारावर उभी राहिली, मुलं शिकली. घरकामगारांसाठी तिथं २०१५ सालचा ६८ क्रमांकाचा वेगळा कायदा आहे. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची सुट्टी, वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा, नोकरी संपताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, आणि पासपोर्ट मालकानं ठेवून घ्यायचा नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. जून २०२१ मध्ये भारत आणि कुवेत यांच्यात घरकामगारांच्या भरतीबद्दल सामंजस्य करारही झाला. पण हा कायदा वापरायचा तर ती कुणाच्या घरी, कुठल्या करारावर आहे हे सिद्ध करता आलं पाहिजे. आणखी एक. घरकामाच्या व्हिसाला तिथं वीस नंबरचा किंवा खादिम व्हिसा म्हणतात. त्यावर फक्त त्या प्रायोजक मालकाच्या घरीच काम करता येतं. 'फ्री व्हिसा' किंवा 'आझाद व्हिसा' देतो, कुठंही काम कर, असं कुणी म्हणालं तर तसा व्हिसा कायद्यात नाही. एकाच्या नावावर व्हिसा घेऊन दुसऱ्याकडे काम करताना सापडली तर ती गुन्हेगार ठरते, व्हिसा विकणारा नामानिराळा राहतो.

तिला आखातात जायचंच असेल तर सरळ वाटा दोन. तीस पूर्ण होईपर्यंत थांबणं आणि मग सरकारी संस्थेमार्फत जाणं, ही एक. दुसरी म्हणजे दहावी करणं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, काम सांभाळून दहावी देता येते. ती पास झाली की पासपोर्ट नव्यानं काढून ईसीआरचा शेरा जातो, मग मंजुरीची आणि तीस वर्षांची अट तिला लागू राहत नाही. मला ही वाट मनापासून आवडते, कारण दहावी तिला इथंही उपयोगी पडेल. पण एक धोका स्पष्ट सांगते. शेरा गेला म्हणजे सरकारची तपासणीही गेली. करार वाचणारं, मालक पारखणारं तिसरं कुणी उरत नाही. मग ते काम तुम्हाला आणि तिला स्वतः करावं लागतं.

आता लंडन. हे प्रकरण मला बरंच आशादायक वाटतं, पण त्यात एक गाठ आहे आणि ती तुम्ही प्रश्नात अर्धीच सांगितलीत.

ब्रिटनमध्ये 'ओव्हरसीज डोमेस्टिक वर्कर' नावाचा व्हिसा आहे. मालक ब्रिटनबाहेर राहणारे हवेत आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त तिथं राहायचा त्यांचा बेत नसावा. बहिणीनं अर्जाच्या आधी किमान सलग एक वर्ष त्यांच्याच घरी काम केलेलं हवं. वय एकोणीस किंवा जास्त हवं. अर्ज ब्रिटनबाहेरूनच करायचा आणि प्रवास मालक, त्यांचा जोडीदार किंवा त्यांची मुलं यांच्याबरोबर करायचा. इंग्रजीची परीक्षा नाही. ब्रिटन त्या अठरा देशांत नाही, त्यामुळे ईसीआर पासपोर्ट असला तरी मंजुरी लागत नाही. व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि वाढत नाही. इथपर्यंत तुमची बहीण तंतोतंत बसते.

गाठ कुठं आहे? तुम्ही शेवटी लिहिलंत, 'त्यांच्या मुलीला बाळ झालंय, जमलं तर ती तिथंच राहील.' हे 'जमलं तर' काढून टाका. मालक तिकडे असताना ती त्यांचं घरकाम करते, पाच महिन्यांनी त्यांच्याबरोबर परत येते, हे या व्हिसात बसतं. पण खरी मालकीण जर लंडनची मुलगी असेल आणि आईवडिलांचं नाव फक्त अर्जापुरतं असेल, तर हा व्हिसा तिच्यासाठी नाही. ती मुलगी ब्रिटनमध्ये कायमची राहते. तिला या मार्गानं भारतातून बाळ सांभाळायला बाई नेता येत नाही. 'तिथं गेल्यावर बघू' म्हणणारे बरेच असतात आणि त्यांतले काही मनानं खरंच चांगले असतात. पण सहा महिने संपल्यावर बेकायदा ठरते ती तुमची बहीण.

२०१६ पासून या व्हिसावर तिथं मालक बदलता येतो, हे खरं आहे. छळ झाला, पगार दिला नाही, तर ती ते घर सोडून दुसऱ्या घरी घरकाम करू शकते. मात्र त्यानं मुदत वाढत नाही, उरलेल्या महिन्यांतच काय ते. मानवी तस्करीची किंवा गुलामगिरीची बळी म्हणून तिथल्या यंत्रणेनं तिला मान्यता दिली तर दोन वर्षांपर्यंतचा वेगळा व्हिसा मिळू शकतो. ही तरतूद संकटासाठी आहे, तिच्यावर बेत आखू नका.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. चार वर्षं काम केलं हे तुम्ही सांगता, मालक सांगतात, पण व्हिसा अधिकाऱ्याला ते कागदावर दिसायला हवं. आपल्याकडे पगार महिनाअखेरीला रोख हातात दिला जातो. मालकाचं पत्र चालतं, पण त्याच्या जोडीला बँकेतली नोंद, पगाराच्या पावत्या, कामाचा करार, असं काहीतरी लागतं. गेल्या वर्षभराचा पगार तिच्या खात्यात किंवा यूपीआयनं आला असेल तर उत्तम. सगळं रोख असेल तर एक काम मुळीच करू नका: मागच्या तारखा घालून पावत्या बनवू नका. अर्जात फसवणूक सापडली तर ब्रिटनचा व्हिसा दहा वर्षं बंद होऊ शकतो, आणि पुढे दुसऱ्या देशांच्या अर्जांतही ते विचारलं जातं. त्यापेक्षा या महिन्यापासून पगार खात्यात घ्यायला सुरुवात करा. मालक दरवर्षी जात असतील तर पुढच्या खेपेला अर्ज भक्कम होईल.

तिसरा मुद्दा पगाराचा, आणि यावर मालकांशी बोलताना तुम्हाला संकोच वाटेल. तरी बोला. ब्रिटनमध्ये पाऊल ठेवल्यावर तिला तिथलं किमान वेतन लागू होतं. एप्रिल २०२५ मध्ये एकवीस आणि त्यापुढच्या वयासाठी ते ताशी १२.२१ पौंड झालं, आणि दर एप्रिलमध्ये ते बदलतं. घरात राहून काम करणाऱ्यांना पूर्वी यातून वगळता येत असे. ती सूट १ एप्रिल २०२४ पासून रद्द झाली. आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याचे दोन हजार पौंडांहून जास्त होतात, म्हणजे दोन लाखांच्या वर रुपये. राहायची जागा दिल्याबद्दल मालकांना एक छोटी ठरावीक रक्कम कापता येते, जेवणाचे पैसे मात्र त्यात धरता येत नाहीत. अर्जासोबत दोघांच्या सहीचा लेखी करार द्यावा लागतो आणि त्यात हे वेतन लिहावं लागतं. पर्वरीत पंधरा-अठरा हजार देणाऱ्या निवृत्त जोडप्याला हे परवडेल का, हा प्रश्न त्यांना अर्ज भरायच्या आधी पडला पाहिजे. कागदावर दोन हजार पौंड लिहायचे आणि हातात वीस हजार रुपये टेकवायचे, असं होताना मी पाहिलं आहे. मालकांनी तिला चार वर्षं मुलीसारखं वागवलं असेल. तेवढ्यासाठी तिनं खोट्या करारावर सही करावी असं मला वाटत नाही. तसं करायला लागत असेल तर त्यांनी तिला न नेणंच दोघांच्या भल्याचं आहे.

प्रश्नात तुम्ही अमेरिकेचाही ओझरता उल्लेख केलात, कारण मालकांचा मुलगा तिकडे ग्रीन कार्डवर आहे. ते डोक्यातून काढा. अमेरिकेत घरकामगारासाठी बी-१ व्हिसा मिळतो तो तात्पुरत्या मुक्कामाला येणाऱ्या मालकाबरोबर. ग्रीन कार्डधारकाला त्यावर भारतातून बाई नेता येत नाही.

तुमच्या यादीत नसलेला एक देश मात्र मी सुचवते: सिंगापूर. तिथं घरकामासाठी येणाऱ्या बाईचं वय २३ ते ५० च्या आत आणि किमान आठ वर्षांचं शालेय शिक्षण लागतं. बहीण दोन्हींत बसते. भारत त्यांच्या मान्य देशांत आहे आणि ईसीआरच्या यादीत सिंगापूर नाही. मालकाला तिच्यासाठी पाच हजार सिंगापूर डॉलरची हमी सरकारकडे ठेवावी लागते, आठवड्याची सुट्टी कायद्यात आहे. मुख्य म्हणजे निघायच्या आधी तत्त्वतः मंजुरीचं पत्र येतं, त्याला आयपीए म्हणतात, आणि त्यात पगार लिहिलेला असतो. ते पत्र हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत आणि तिकीट काढायचं नाही. सगळं चांगलंच होईल असं नाही. अनोळखी घर, अनोळखी भाषा, बंद फ्लॅट, हे तिथंही आहे. पण कागद सरळ आहेत.

पोर्तुगीज पासपोर्टचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिलाय. आई-वडील किंवा आजी-आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले असतील तर लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायची ती वाट आहे. पण ती घेतली की भारतीय नागरिकत्व जातं. आणि ज्या ब्रिटनसाठी गोंयकार तो पासपोर्ट काढत होते, तिथं ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, नव्यानं जाणाऱ्याला त्यावर आपोआप कामाचा हक्क राहिलेला नाही. एका नोकरीसाठी इतका मोठा निर्णय घेऊ नये असं माझं मत आहे.

एवढ्या लांब प्रश्नात तिला स्वतःला काय हवंय हे कुठंच आलं नाही, ते मला खटकलं. कर्ज घराचं आहे, पण जाणार ती आहे. पर्वरीत ती दर रविवारी घरी येऊ शकते, कुवेतमध्ये दोन वर्षं येणार नाही. तिला शांतपणे विचारा, आणि मालकांसमोर किंवा एजंटासमोर विचारू नका. ती नको म्हणाली तर तो विषय तिथंच थांबवा.

या आठवड्यात करायची कामं सांगते. एजंटाकडे तिचा पासपोर्ट दिला असेल तर आधी तो परत आणा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो कुणी अडवून ठेवू शकत नाही. देत नसेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. आगाऊ पैसे दिले असतील तर दिल्याचा पुरावा, म्हणजे यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, आत्ताच जपून ठेवा, नंतर ते पुसले जातात. शंका असेल तिथं प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राच्या १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर विचारा. कुणी आधीच परदेशात अडकलं असेल तर तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदवता येते. पणजीत अनिवासी भारतीयांसाठीचं गोवा सरकारचं आयुक्त कार्यालय आहे, तिथंही जाऊन बोला.

मालकांशी बोलताना दोनच गोष्टी लेखी मागा: परतीची तारीख आणि पौंडांतला पगार, तिच्या स्वतःच्या खात्यात. त्यांनी दोन्ही दिलं तर मसुदा इथं टाका, नावं-पत्ते झाकून. मी ओळ न् ओळ वाचून सांगेन.